चालू कामकाज

सरकार पडलं त्या सोमवारी माझा मसुदा मंत्र्यांच्या टेबलावर सहीच्या फायलीत होता, वरून तिसरा. हे नक्की सांगू शकते, कारण शुक्रवारी मीच तो तिथे ठेवला होता.

मसुदा पाच कलमांचा होता. स्वयंपाकघराच्या ओट्यांना जो कृत्रिम दगड वापरतात, तो कोरडा कापायला बंदी. कापायचा तर पात्यावर पाणी सोडून आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राखाली. एवढंच. अशा गोष्टीला आमच्याकडे संसदेचा कायदा लागत नाही, राजाज्ञा पुरते. ‘आम्ही, बेल्जियन लोकांचे राजे’ अशी सुरुवात, मध्ये कलमं, खाली राजाची सही आणि तिच्याबरोबर मंत्र्याची. मंत्र्याची सही नसेल तर राजाच्या सहीला काही अर्थ उरत नाही. राजा कशालाच जबाबदार नसतो. त्याच्या वतीने मंत्री जबाबदार असतो, आणि मंत्र्याला संसद घरी पाठवू शकते. ‘आम्ही’च्या पुढचा मजकूर मात्र माझ्यासारखं कुणीतरी ब्रसेल्समधल्या एका सहाव्या मजल्यावर बसून लिहितं. सव्वीस वर्षं मी ते काम केलं.

माझं नाव गोडेलीव्ह ब्राउनडोंक्स. घरचे लीव्ह म्हणतात. घरचे म्हणजे तेव्हा दोघंच उरले होते, धाकटा भाऊ गोमार आणि त्याची बायको रोझमी.

गोमार दगड कापायचा. रीटबेकला कालव्याच्या काठी काइपर्सचा कारखाना आहे, तिथे सतरा वर्षं. आधी खरा दगड, संगमरवर नाहीतर ग्रॅनाइट. मग लोकांना डाग न पडणारे, एकसारख्या रंगाचे ओटे हवेसे झाले आणि कृत्रिम दगडाच्या लाद्या येऊ लागल्या. गोमार म्हणायचा, हा दगडच नाही, दगडाचं पीठ मळून भाजलेला पाव आहे. कापताना ते पीठ पुन्हा उडायचं. तो घरी आला की भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि रोझमी त्याला दारातच झटकायची.

त्याला खोकला लागला तेव्हा गावातल्या डॉक्टरने आधी दमा सांगितला, मग जुनाट सर्दी. मला त्याच्याआधी कळलं होतं. माझ्या खणात कामगार तपासणीसांचा अहवाल पडला होता, त्यात अशा सात कारखान्यांतल्या माणसांची लक्षणं ओळीने लिहिली होती. जिना चढताना लागणारा दम, कोरडा खोकला, उतरत जाणारं वजन. एका रविवारी गोमार जेवताना बटाट्याचं पातेलं टेबलावर ठेवून थांबला, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, आणि मी मनातल्या मनात त्या अहवालाचं पान उलटलं.

त्याला मी त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात नेलं. सिलिकोसिस. फुप्फुसं आतून दगड झाल्यासारखी होत जातात आणि हे परत फिरत नाही.

मसुदा तेव्हा माझ्या हातात अर्धा लिहून झाला होता. नियमाप्रमाणे मी दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगायला हवं होतं की या कामात माझ्या घरचा माणूस आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. मी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर तो कागद वर्षभर नुसता पडून राहील असं मला वाटलं. ते खरंही असेल. पण खरं कारण एवढंच नव्हतं. घरी बसून मला भावासाठी काहीच करता येत नव्हतं, आणि हे एक मला येत होतं.

तर त्या सोमवारी चार पक्षांपैकी एक पक्ष सरकारातून बाहेर पडला. कशावरून, ते आता तिथल्या लोकांनाही धड आठवत नाही. पंतप्रधान राजवाड्यात गेले, राजाने राजीनामा आधी विचारार्थ ठेवून घेतला आणि तीन दिवसांनी स्वीकारला. तो नोव्हेंबर होता. मंत्री आपापल्या खुर्चीत तसेच राहिले, पण काळजीवाहू म्हणून. अशा सरकारने फक्त चालू कामकाज पाहायचं असतं. पेन्शनी निघतात, पगार होतात, मेलेल्या नोटरीच्या जागी नवा नोटरी नेमला जातो. नवं काही करायचं नाही. माझी फाईल सहीविना परत आली. वर मंत्र्यांच्या सल्लागार डीरिक बाई यांच्या हस्ताक्षरात एक पिवळी चिठ्ठी होती: ‘नव्या सरकारनंतर. सहा आठवडे?’

फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि तिचा निकाल असा लागला की कुणाचंच कुणाशी जुळेना. मग राजाने एकेकाला बोलावून घ्यायला सुरुवात केली. राजा स्वतः सरकार बनवत नाही. तो माणूस नेमतो, आणि तो माणूस पक्षांना भेटून चाचपणी करतो. पहिला नेमला तो माहिती काढणारा. त्याला काही जमेना म्हणून मध्यस्थ नेमले, दोन. मध्यस्थ थकले तेव्हा एक समन्वयक आला.

गोमारने जानेवारीतच काम सोडलं होतं. खिडकीजवळ खुर्ची, बाजूला गुरगुरणारं प्राणवायूचं यंत्र, समोर टीव्ही. मी रविवारी जायचे. राजवाड्याच्या पायऱ्यांवरून कुणीतरी पोटाशी फाईल धरून उतरताना दिसलं की तो आवाज मोठा करायचा.

“हा कोण आता?”

“समन्वयक,” मी म्हटलं.

“मागचा काय होता?”

“मध्यस्थ.”

“आणि त्याच्या आधीचा तो शोधत होता. काय शोधत होता, लीव्ह?”

“सरकार.”

“सापडलं नाही ना. रोझमीला पाठव म्हणावं. ती माझे हरवलेले मोजे दोन मिनिटांत काढून देते.”

रोझमी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती आतून म्हणाली की मोजे निदान घरात तरी असतात. गोमार हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी भलतीकडेच बघत राहिलो.

दुपारी कधीकधी द्रीस यायचा. द्रीस एकतीस वर्षांचा होता, मेखेलेनमध्ये वाढलेला. त्याचे आईबाप मोरोक्कोहून आलेले. गोमारने त्याला हाताशी धरून कापकाम शिकवलं होतं आणि आता गोमारच्या यंत्रावर तोच उभा राहायचा. तो आला की आधी गोमारला म्हातारा म्हणून चिडवायचा, मग त्याच्यासमोर बसून कुठला कोपरा कसा फुटला ते सांगायचा. एप्रिलमध्ये एकदा तो असाच आला. दारापासून खुर्चीपर्यंत चालत आला आणि बोलण्याआधी थोडा थांबला. फारच थोडा. माझ्या लक्षात आलं, आणि गोमारच्याही. द्रीस गेल्यावर गोमारने टीव्ही बंद केला.

“तुझा तो कागद,” मग तो म्हणाला, “तयार आहे ना?”

मी हो म्हटलं. फक्त सह्या राहिल्यात.

“मला त्याचा काही उपयोग नाही, ते मला कळतंय. पण त्याला मीच शिकवलं, लीव्ह. जवळून बघ म्हणून मीच सांगायचो. पात्यापाशी नाक नेल्याशिवाय रेघ सरळ येत नाही म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मी लांबियोतकडे गेले. लांबियोत आमच्या मजल्यावरचा कायद्याचा जाणकार, नाम्यूरचा, लुकडा आणि कायम सर्दीने बेजार. त्याला मी विचारलं की काळजीवाहू सरकारला काहीच नवं करता येत नाही का. तो म्हणाला, एक वाट आहे. गोष्ट तातडीची असेल, थांबल्याने न भरून येणारं नुकसान होणार असेल, तर करता येतं. पण ती तातडी कुठल्याही न्यायालयात टिकली पाहिजे. मी त्याच्यापुढे अहवाल ठेवला. त्याने तो घरी नेला आणि चार दिवसांनी सहा पानांचं टिपण आणून दिलं. इतकं चांगलं टिपण मी त्या मजल्यावर वाचलेलं नाही. शेवटी लिहिलं होतं की दर महिन्याच्या विलंबाने किती माणसांची फुप्फुसं कायमची जातात हे मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते टाळता आलं असतं असं न्यायालय म्हणेल.

टिपण वर गेलं. मे महिना गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डीरिक बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच सांगितलं की मंत्री तयार झालेत. पक्षात कुरकुर आहे, ज्यांच्याशी बोलणी चालू आहेत ते कारखानदारांच्या बाजूचे आहेत, पण तयार झालेत. पुढच्या गुरुवारी सही करून राजवाड्यात पाठवतील. मी जिन्यातच बसले. त्या रविवारी मी गोमारला काही सांगितलं नाही; सही झाल्यावरच सांगू म्हटलं.

सोमवारी टपाल आलं. राजाला आलेलं प्रत्येक पत्र राजवाड्यातली अर्जांची शाखा वाचते, नोंदवते, आणि ज्या खात्याचा विषय असेल त्या खात्याकडे पाठवते. एक प्रत मंत्र्यांकडे, एक प्रत उत्तराचा मसुदा करणाऱ्याकडे. दगडाच्या धुळीचा विषय माझा. पाकिटातून मी पत्र काढलं आणि अक्षर ओळखलं. गोमार शाळेत असताना त्याचं शुद्धलेखन मी तपासायचे. ‘क’ अजून तसाच मागे झुकलेला होता.

‘महाराज,’ त्यात होतं, ‘मी ओटे कापायचो. आता बसून असतो. माझं जे व्हायचं ते झालं, त्याबद्दल मी लिहीत नाही. माझ्या जागी आता एक जण उभा आहे, त्याला मीच शिकवलं. त्याला मूल होणार आहे. त्याचा खोकला मला ओळखू येतो. बंदीचा कागद तयार आहे आणि फक्त सही राहिली आहे असं मला समजलं आहे. आपण सही करावी एवढीच विनंती. मी सैन्यात असताना आपल्या नावाने शपथ घेतली होती, याआधी कधी काही मागितलं नाही. आपला, गोमार ब्राउनडोंक्स.’

ब्राउनडोंक्स हे नाव आमच्या देशात फार लोकांचं नाही. आणि कागद तयार आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं कारण नव्हतं.

तेव्हाच उठून मंत्र्यांकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. पत्र पर्समध्ये घालून दोन दिवस फिरवलं. मंत्र्यांकडे रोज शंभर कागद येतात, एवढ्यात कोण बघतंय, असं स्वतःला सांगत राहिले. बुधवारी दुपारी बोलावणं आलं.

मंत्री बार्टसून हे साठीचे, जाडजूड, बोलायला सावकाश असे गृहस्थ होते. आधी ते खाणींच्या भागात शाळामास्तर होते. त्यांच्या टेबलावर माझी फाईल उघडी होती आणि तिच्यावर पत्राची प्रत. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“गोमार ब्राउनडोंक्स तुमचे कोण?”

“धाकटा भाऊ.”

“आजारी कधीपासून?”

“अडीच वर्षं झाली.”

“म्हणजे मसुदा लिहीत होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

मी म्हटलं, मसुदा तपासणीसांच्या अहवालावरून लिहिलाय, त्यात माझ्या भावाचं एक अक्षर नाही.

“मला माहीत आहे. मी वाचलाय. चांगला आहे.”

“मग सही करा.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, पक्कं सरकार असतं तर केलीही असती. कुणी ओरडलं असतं तर संसदेत उभा राहून म्हणालो असतो, चूक माझी, काढा मला. आज मला कुणी काढू शकत नाही, कारण मी आधीच गेलेला आहे. ज्याला काढता येत नाही त्याच्या हातात नवं काही देऊ नये, म्हणून हा नियम आहे. आणि नियम बरोबर आहे, तुम्हाला राग आला तरी. तातडी म्हणून एक फट होती, तिच्यातून मी हे नेणार होतो. आता कुणीही विचारेल की ही तातडी कुणाची. उत्तर काय देऊ? मसुदा लिहिणाऱ्या बाईंच्या भावाची? कारखानदारांचे वकील हा कागद एका सकाळीत रद्द करून घेतील, आणि मग पाच वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही. शिवाय वर सही राजाची असेल. त्यांना मला यात ओढता येत नाही. तेवढ्यासाठीच तर मी इथे बसलोय.”

“आणि तोवर जे कापतायत ते?”

ते खिडकीकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर ट्राम वळण घेत होती.

“माझे वडील खाणीत गेले,” ते म्हणाले. “धुळीनेच. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मग माझ्याही सहीला कुणी विचारेल.” मग चष्मा लावला. “तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर आज सही झाली असती.”

काम माझ्याकडून काढून घेतलं. ते कोलार बाईंकडे गेलं, खालच्या मजल्यावर. त्या प्रामाणिक होत्या, म्हणून त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. राजाज्ञा दोन्ही भाषांत निघते म्हणून डच मजकूर फ्रेंच मजकुराशी ताडून पाहिला, तपासणीसांना पुन्हा कारखान्यांत पाठवलं, मत देणाऱ्या प्रत्येक मंडळाला पुन्हा पत्र घातलं. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा आला. लांबियोतने त्या दिवशी माझ्यासाठी कॉफी आणली, टेबलावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता परत गेला.

जुलैत गोमारला उत्तर मिळालं. पाठवलं कोलार बाईंनी, पण शब्द माझे होते. अशा पत्रांच्या उत्तराचा तो नमुना मी आठ वर्षांपूर्वी लिहून दिला होता. महाराजांनी आपले पत्र लक्षपूर्वक वाचले असून आपल्या प्रकृतीबद्दल त्यांना मनापासून काळजी वाटते. घटनेच्या मर्यादेमुळे त्यांना स्वतः निर्णय घेता येत नाही. आपले पत्र संबंधित मंत्र्यांकडे सोपवण्यात आले आहे. वर मुकुटाचा छाप होता. रोझमीने ते पत्र फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावलं होतं.

“तुला सांगितलं नाही,” गोमार म्हणाला. तेव्हा तो दोन-तीन शब्दांनंतर थांबायचा. “म्हटलं, तुझ्या ऑफिसात तुला अडचण नको. चाललं ना?”

“चाललं,” मी म्हटलं.

“खरंच वाचलं असेल त्याने?”

“हो. ते वाचतात.”

“मग करेल,” गोमार म्हणाला. “त्याच्या हातात असतं तर त्याने केलंच असतं. त्या बाकीच्यांचं सांगता येत नाही.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि रोझमीला गाजरं सोलू लागले. ती माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं असावं, पण तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये राजाने पूर्व-जुळवणीकार अशा हुद्द्याचा आणखी एक माणूस नेमला. सप्टेंबरमध्ये त्याने हात टेकले. गोमारने टीव्ही लावायला सांगणं सोडून दिलं. शेवटचे तीन आठवडे तो बसल्या बसल्याच झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास यायचा नाही. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी सकाळी, रोझमी शाळेत जायला कोट घालत असताना, तो गेला. ती कोट घालूनच मला फोन करत होती. कोटाची चेन मध्येच अडकलीये, वर जात नाही आणि खालीही येत नाही, असं ती मला दोनदा म्हणाली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात कॉफी आणि पाव होते. काइपर्सही आला होता. त्याने रोझमीचा हात धरून म्हटलं की गोमारसारखा कारागीर पुन्हा मिळायचा नाही. द्रीस भिंतीला टेकून उभा होता. त्याची बायको नजात, आठवा महिना लागलेली, त्याच्यासाठी खुर्ची शोधत होती. लोकांना वाटलं ती स्वतःसाठी शोधतेय, आणि सगळे उठून तिला जागा देऊ लागले.

जानेवारीत सरकार झालं, पडल्यापासून चौदा महिन्यांनी. नवे मंत्री राजवाड्यात एका ओळीत उभे राहिले आणि एकेकाने हात वर करून राजाशी निष्ठा आणि घटनेचं पालन यांची शपथ घेतली. बार्टसून पुन्हा होते, पण दुसऱ्या खात्यात. आमच्याकडे नव्या मंत्रीणबाई आल्या. कोलार बाईंची फाईल तोवर चोख झाली होती, तिच्यात बोट घालायला जागा नव्हती. नवव्या दिवशी मंत्रीणबाईंनी सही केली, अकराव्या दिवशी राजाने, आणि महिनाअखेर राजाज्ञा राजपत्रात छापून आली. मी ती कार्यालयातल्या पडद्यावर उघडून वाचली. कोलार बाईंनी इतकं सगळं तपासलं, पण कलमं जवळजवळ माझीच ठेवली होती. पाचवं कलमही. ‘ही राजाज्ञा प्रसिद्धीनंतरच्या सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून अमलात येईल.’ कारखान्यांना तयारीला वेळ मिळावा म्हणून मालकांच्या संघटनेने ती मुदत मागितली होती. मीच ती मान्य करून लिहिली होती. लिहिताना सहा महिने मला थोडे वाटले होते.

त्या शनिवारी मी छापलेलं पान घेऊन द्रीसकडे गेले. त्याने नाताळातच काम सोडलं होतं. मुलगी झाली होती, ती आतल्या खोलीत रडत होती आणि नजात तिला घेऊन फेऱ्या मारत होती. द्रीसने पान नीट वाचलं, मागची बाजूही वाचली, जिच्यावर कुठल्या तरी बंदराच्या करांबद्दल होतं. मग मी त्याला सगळं सांगितलं. मी काय लपवलं, गुरुवारी काय होणार होतं, सोमवारी काय आलं. कुणालातरी सांगायलाच हवं होतं आणि ऐकण्याचा हक्क त्याचाच होता असं मला वाटलं.

तो पान घडी करत होता. उभी घडी, मग आडवी.

“गोमारला माहीत होतं?”

“नाही.”

“बरं केलंत.” तो श्वास घ्यायला थांबला. “त्याने माझ्यासाठी लिहिलं होतं पत्र. एवढंच मला माहीत होतं, आणि ते मला पुरत होतं. मलाही सांगितलं नसतंत तर चाललं असतं.”

नजात मुलीला घेऊन बाहेर आली. मला चहासाठी थांबा म्हणाली. द्रीस काही म्हणाला नाही, म्हणून मी निघाले. त्यानंतर त्याला मी भेटलेले नाही. फुप्फुस बदलायच्या यादीत त्याचं नाव आहे, असं रोझमीकडून कळतं.

एक जुलैला मी रजा काढून रीटबेकला गेले. काइपर्सच्या कारखान्याचं फाटक उघडं होतं. आतून आवाज येत होता, पण आधीसारखा किरकिरा नव्हता. पाणी पडत होतं. काइपर्सने मला ओळखलं आणि आत नेलं. नवं यंत्र दाखवलं, पाण्याचे पाइप दाखवले, जमिनीतली पन्हाळ दाखवली. राजाज्ञेत लिहिल्याबरहुकूम सगळं होतं. मी त्याला विचारलं की यंत्र कधी आलं. मार्चमध्ये आलं होतं, तो म्हणाला, पण जुन्या लाद्यांची कामं हातात होती आणि पाण्याने काम सावकाश होतं, म्हणून आजपासून सुरू केलं.

“कायदा मी पाळतो, बाई. तारीख तुमच्याच लोकांनी दिली होती.”

यंत्रावर एक अनोळखी माणूस होता, पंचविशीचा, रबरी एप्रनमध्ये, कोपरापर्यंत भिजलेला. काइपर्स फोन घ्यायला गेला तेव्हा मी त्या माणसाजवळ गेले. त्याने यंत्र बंद केलं. रुमानियाचा होता, भाषा अजून कच्ची होती. मी त्याला हळूहळू विचारलं की इथे कधीपासून आहेस. त्याने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, फेब्रुवारीपासून. मग मी आणखी काही विचारीन म्हणून थोडा थांबला, आणि मी काहीच विचारत नाही असं पाहून त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं.